ग्रामसभा आमच्या कपाटावर असते

“मोठ्यानं वाच. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे,” वाकळे सर म्हणाले आणि माझाच पेपर त्यांनी माझ्या हातात दिला.

मी उभी राहिले. आठवीचा वर्ग, पन्नास पोरं-पोरी, आणि एक्कावन्नावी मी, हर्षदा अंकुश मुळीक. तोपर्यंत वर्गानं माझा आवाज फक्त हजेरीला ऐकला होता, तोही दुसऱ्यांदा नाव पुकारल्यावर. (आता मी अकरावीत आहे आणि मला गप्प बस म्हणून सांगावं लागतं. पण ही तीन वर्षांपूर्वीची गोष्ट.)

“प्रश्न तिसरा. टीप लिहा. ग्रामसभा. चार गुण,” मी वाचलं.

“प्रश्न मीच काढलाय. उत्तर वाच.”

मी वाचलं.

“ग्रामसभा लाल फडक्यात बांधलेली असते. ती आमच्या घरी कपाटावर असते, कारण ग्रामपंचायतीच्या ऑफिसात उंदीर आहेत. वर्षातून चार वेळा ग्रामसभा खाली काढतात व मोटारसायकलवरून गावात फिरवतात. ज्यांना सही येते ते ग्रामसभेत सही करतात. ज्यांना येत नाही ते अंगठा देतात. ग्रामसभा दारात आली की चहा विचारण्याची पद्धत आहे. कमीत कमी शंभर सह्या झाल्या की ग्रामसभा पुन्हा कपाटावर जाते. पावसाळ्यात तिला प्लॅस्टिकची पिशवी घालावी लागते. मागच्या वर्षी ग्रामसभा ओढ्यात पडली होती. तेव्हा माझ्या आईने तिचे एकेक पान तव्यावर वाळवले. अशा प्रकारे ग्रामसभा गावासाठी महत्त्वाची आहे.”

शेवटचं वाक्य ऐकू गेलं नाही. ‘तव्यावर’ म्हणताच वर्ग फुटला होता. कुणी बाकावर डोकं आपटत होतं. माझी मैत्रीण अस्मिता, जिच्यावर माझा भरवसा होता, ती ओढणीत तोंड घालून रडत होती, हसून.

आता मी हे का लिहिलं ते सांगते. हायस्कूलला आलं की मागच्या इयत्तांवर एक चाचणी व्हायची. इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र, अर्थशास्त्र, सगळं एकाच पेपरात. ग्रामसभेचा धडा सहावीत झाला तेव्हा मला कांजिण्या आल्या होत्या. पण त्यात शिकायचं काय होतं? बाबा ग्रामपंचायतीचे शिपाई. लहानपणापासून आमच्या घरात हेच बोलणं. “ग्रामसभा खाली काढ गं.” “ग्रामसभेवर तेलाचा डबा कुणी ठेवला?” चाचणीच्या आदल्या दिवशी खात्री करून घ्यावी म्हणून मी बाबांना विचारलंसुद्धा होतं, “बाबा, ग्रामसभा म्हणजे नक्की काय?” बाबा दाढी करत होते. आरशातूनच म्हणाले, “कपाटावर हाय बघ.”

मी लिहिलं. बाकीच्या एका प्रश्नाचंही उत्तर मी इतक्या आत्मविश्वासानं लिहिलं नव्हतं.

“शून्य!” वाकळे सर म्हणाले. “चारपैकी शून्य. मस्करी करण्याची जागा नाही ही.”

एवढ्यावर मी खाली बसले असते. सवय होती. पण मागून सुयश म्हणाला, “सर, तिचा बापच बिनकामाचा फिरतोय गाडीवर वही घेऊन, तिचं काय चुकलं?”

हा सुयश सरपंचांचा पोरगा.

“सर, खरंय ते,” मी म्हणाले. आवाज कुठून आला मलाच कळलं नाही. “तुमच्याकडं पण आलीय ग्रामसभा.”

“काय?”

“एक मेला. मी बाबांच्या मागं बसले होते. तुम्ही माळ्यावर आंब्याची आढी लावत होता. तुम्ही म्हणालात, हात चिकाचे आहेत, वही वर दे. मी शिडीवर चढून दिली. तुमची सही बाविसावी आहे. तुमच्या खाली आणखी दोन सह्या तुम्हीच केल्यात, एक काकूंची आणि एक तुमच्या आईची.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“बस,” ते म्हणाले. “पालकांची सही घेऊन ये उद्या.”

घरी बाबांपुढं पेपर धरला. बाबांनी खिशातलं पेन काढलं आणि एकच प्रश्न विचारला, “कुठं करू?”

अकरा वर्षं बाबा अख्ख्या गावाला “इथं करा” म्हणत आले होते आणि गावानं “काय लिहिलंय” असं कधी विचारलं नव्हतं. बाबांनीही विचारलं नाही. शून्याच्या शेजारी झोकात सही ठोकली.

तिथंच हे संपलं असतं. पण प्रत्येक शाळेचे पाच पेपर तालुक्याला तपासणीला जायचे, आणि आमच्या शाळेच्या पाचांत माझा गेला. कसा गेला ते अजून कळलेलं नाही. सर म्हणतात, चुकून. तालुक्याच्या कचेरीत तो आधी एकानं वाचला, मग चहाच्या वेळेला मोठ्यानं वाचला गेला, आणि वाचत वाचत पंचायतीचं काम बघणाऱ्या विस्तार अधिकारी सोनटक्के मॅडमच्या टेबलावर पोचला. मॅडम म्हणे हसल्या नाहीत.

पुढच्या गुरुवारी भाऊसाहेब आमच्या घरी आले. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. गावचे सगळे कागद त्यांच्या हातात. अकरा वर्षांत त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता. बाबांना वाटलं, वही पाहिजे असेल. ते स्टुलावर चढले.

“उतर खाली,” भाऊसाहेब म्हणाले. “अंकुश, तुझ्या पोरीनं तुझी नोकरी खाल्ली.”

“कुणी? हर्षानं?” बाबा स्टुलावरूनच म्हणाले. “तिला तर बोलताबी येत न्हाई.”

“लिहिता येतं ना!”

मग भाऊसाहेबांनी सगळं सांगितलं. सोनटक्के मॅडमचा फोन आला होता. पुढच्या शनिवारी त्या स्वतः आमच्या गावची, तांबखोऱ्याची ग्रामसभा बघायला येणार. नोटीस सात दिवस आधी लागते म्हणून त्यांनी मधे बरोबर आठ दिवस सोडले होते.

“मी सांगितलं, आमच्याकडं ग्रामसभा वेळच्या वेळी भरते, पोरीला कल्पनाशक्ती फार आहे. तर आता दोन गोष्टी. शनिवारी ग्रामसभा भरली पाहिजे. आणि हिनं मॅडमसमोर उभं राहून सांगायचं, मी कल्पनेनं लिहिलं. नाही सांगितलं तर मॅडम विचारणार, वही कोण फिरवतं? मग मला खरं सांगावं लागणार.”

“खरं म्हंजी?” आईनं चुलीपासून विचारलं.

“की शिपाई फिरवतो.”

“पर तुमीच तर सांगता फिरवायला,” बाबा म्हणाले.

“कुठं लिहिलंय तसं?”

कुठंच लिहिलेलं नव्हतं. बाबांना कायम करायचा प्रस्ताव मात्र लिहिलेला होता, आणि तो भाऊसाहेबांच्या बॅगेत होता. जाताना त्यांनी बॅगेवर दोनदा थोपटलं.

ते गेल्यावर बाबा स्टुलावरच टेकले.

“लिवताना इचारायचं तरी हर्षे,” ते म्हणाले.

“विचारलं होतं.”

“व्हय. इचारलं व्हतंस,” ते म्हणाले आणि त्यांनी स्टूल उचलून जागेवर ठेवलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

खरी अडचण शुक्रवारी कळली. ग्रामसभा घेतात कशी, हे गावात कुणालाच माहीत नव्हतं. शेवटची खरी ग्रामसभा कधी झाली यावर पारावर दोन मतं होती. एक मत, कधीच नाही. समाजमंदिर उघडायला गेले तर आत सरपंचांचा कांदा.

इथं ‘सरपंच’ नीट सांगायला हवं. सरपंच होत्या सुनंदाकाकू, कारण जागा महिलांसाठी राखीव होती. पण गाव सरपंच म्हणायचं ते त्यांच्या नवऱ्याला, नानांना. सहीपुरती वही काकूंकडं जायची, तीही माजघरात.

भाऊसाहेब आणि नाना शेवटी शाळेत आले. वाकळे सरांना बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. दारातून ऐकू येत होतं.

“कोरम किती लागतो हो सर?” नाना विचारत होते.

सर आठवायला लागले. तेवढ्यात पहिल्या बाकावरून अस्मिता ओरडली, “एकूण मतदारांच्या पंधरा टक्के किंवा शंभर मतदार, यांपैकी जे कमी असेल ते!”

“सचिव कोण असतं?”

“ग्रामसेवक!” अख्खा वर्ग.

“म्हणजे मी?” भाऊसाहेब दचकले.

तांबखोऱ्यात ग्रामसभेची माहिती असलेली माणसं एकूण पन्नास निघाली. सगळी आठवीतली. एक्कावन्नावी मी.

त्यानंतरचा आठवडा मी जन्मात विसरणार नाही. वाकळे सर पेटले. वीस वर्षं ते ज्या पोरांना शिकवत आले ती पोरं पास होऊन विसरून जायची. आता पहिल्यांदा अख्खं गाव परीक्षेला बसणार होतं. त्यांनी प्रश्नसंच काढला. एका आठवड्यात सगळ्यांचं सगळं पाठ होणार नाही म्हणून वाटणी केली. वरच्या आळीला ‘एका वाक्यात उत्तरे लिहा’, खालच्या आळीला ‘कारणे द्या’, आणि मळ्यातल्या वस्तीला, तिथली माणसं संध्याकाळी उशिरा मोकळी होतात म्हणून, फक्त ‘चूक की बरोबर’. आम्ही आठवीची पोरं घरोघर शिकवणीला. माझ्या वाट्याला शेजारची हौसाआजी आली. वय ऐंशीच्या पुढं, पाठांतर जबरदस्त. मी सांगितलेलं सगळं ती जसंच्या तसं म्हणायची. अगदी सगळं.

बुधवारी सरांनी मला एकटीला बोलावलं. पुढ्यात कोरा कागद ठेवला.

“नवीन उत्तर लिही. पाठ्यपुस्तकातलं.”

मी लिहिलं. सरांनी न वाचता चारपैकी चार दिले.

“आणि जुनं?” मी विचारलं.

“ते तू कल्पनेनं लिहिलं होतंस.” सर माझ्याकडं न बघता बोलले. “हर्षदा, तुझ्या वडलांसाठी सांगतोय. चांगला माणूस आहे. एवढं एक वाक्य म्हण.”

“आणि तुमची सही? आंब्याची?”

सरांनी खडू उचलला, परत ठेवला. “तीही कल्पनाच समज,” ते म्हणाले.

मी ते वाक्य पाठ केलं. मी कल्पनेने लिहिले. मी कल्पनेने लिहिले. तीनच शब्द, पण भूगोलातल्या सगळ्या नद्यांपेक्षा अवघड गेले. कारण मी कल्पनेनं लिहिलं म्हणजे आईनं काही वाळवलं नव्हतं, बाबा पावसात भिजत काही फिरले नव्हते. आणि नाही म्हटलं तर बाबा घरी. मी आरशासमोर उभी राहून म्हणायची आणि बाबा दाढीचा फेस लावून मागं थांबायचे. एकदा म्हणाले, “चांगलं म्हणतीस. आवाज सुटलाय तुजा.”

शनिवार आला. कांदा निघाला पण वास निघाला नाही. समाजमंदिरात गाव दाटीवाटीनं बसलं होतं आणि सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. आम्हा आठवीच्या पोरांना भिंतीकडेला उभं केलं होतं, कुणी अडखळलं तर सुचवायला. मी मोठ्यांची डोकी मोजली. दोनशे तेरा. आमच्याकडं एवढी माणसं लग्नालाच जमतात.

खुर्चीवर नाना बसले. बाजूला भाऊसाहेब. सुनंदाकाकू मागच्या दारात चहाचा ट्रे घेऊन.

सोनटक्के मॅडम स्कूटीवरून आल्या. हेल्मेट काढलं, रुमालानं डोळे टिपले, आणि थेट पुढच्या सतरंजीवर बसलेल्या हौसाआजीकडं वळल्या.

“काय आजी, ग्रामसभेला आलात?”

“व्हय.”

“ग्रामसभा म्हणजे काय, सांगाल?”

हौसाआजी उभी राहिली. हात बांधले. डोळे मिटले.

“गावातील सर्व प्रौढ मतदारांची सभा म्हणजे ग्रामसभा दोन गुण.”

मॅडमनी भाऊसाहेबांकडं बघितलं. भाऊसाहेबांनी वर पंख्याकडं बघितलं.

मॅडम खालच्या आळीच्या माणसांकडं वळल्या. “नळाला पाणी किती दिवसांनी येतं हो तुमच्याकडं?”

जालिंदरमामा उठले. “कारण भूजलाचा बेसुमार उपसा झालेला आहे.”

“बरं. पण येतं किती दिवसांनी?”

“कारण वृक्षतोड.”

“अहो, दिवस सांगा!”

मामा कासावीस झाले. “मॅडम, ते वरच्या आळीला हाय,” ते म्हणाले. “आमाला नुसती कारणं हैत.”

तेवढ्यात मागून मळ्यातला एकजण उगाचच ओरडला, “चूक!” आणि त्याच्या बायकोनं त्याला खाली ओढलं.

मॅडमच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्यांनी हात पुढं केला. “हजेरीची वही द्या.”

भाऊसाहेब हसले. आठवडाभरात पहिल्यांदा त्यांना येणारा प्रश्न आला होता. “अंकुश!” त्यांनी हाक मारली. “वही आण.”

कुणी हललं नाही.

“अंकुश?”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी डोकी मोजली, त्यात बाबा नव्हते. सकाळी ते माझ्याआधी घरातून निघाले होते, लाल फडकं काखेत, मोटारसायकलवर.

“फोन लावा,” मॅडम म्हणाल्या. “स्पीकरवर.”

भाऊसाहेबांनी लावला. दोन रिंगांतच बाबांचा आवाज समाजमंदिरभर घुमला, धापा टाकत.

“भाऊसाब, घोटाळा झाला ओ! वरची आळी समदी फिरलो, खालची फिरलो, एक माणूस घरात न्हाई! जिथं जावं तिथं कुलूप! ग्रामसभेला सह्या कुणाच्या घेऊ? शंभर कशा करू?”

दोनशे तेरा माणसं ऐकत होती. मॅडमनी फोन आपल्याकडं ओढला.

“अंकुशराव,” मॅडम म्हणाल्या, “माणसं इथं आहेत.”

“कोन बोलतंय?”

“समाजमंदिरात आहेत माणसं. ग्रामसभेला आलीत.”

मोटारसायकलची फटफट बंद झाली.

“समदी?” बाबांनी विचारलं.

“सगळी.”

“मंग,” बाबा जरा विचार करून म्हणाले, “वही तिकडं आणू का?”

बाबा आले. फडकं छातीशी धरून दारात उभे राहिले. इतकी माणसं एकाच जागी बघून ते बावरले होते. अकरा वर्षं त्यांनी ही माणसं एकेक करून बघितली होती.

भाऊसाहेब ताडकन उठले. “मॅडम, बघितलंत? हा माणूस परस्पर वही फिरवतो. आमच्या कुणाच्या कानावर नाही. हा हंगामी आहे, आत्ताच्या आत्ता कमी करतो ह्याला. नाना, ठराव घ्या.”

“मंजूर,” नाना म्हणाले.

झालं. एवढ्या वेळात झालं. बाबांनी मान खाली घातली, जणू हाही कागद त्यांच्याकडं सहीलाच आला होता. आईनं पदर तोंडाशी नेला.

“थांबा,” मॅडम म्हणाल्या. “तो पेपर लिहिणारी मुलगी कोण?”

भिंतीकडेच्या पन्नास पोरांनी माझ्याकडं बोट केलं. मी पुढं झाले. समोरून वाकळे सर ओठ हलवून मला सुचवत होते, कल्पनेने, कल्पनेने.

“तू लिहिलंस?”

“हो.”

“मग आता सांग. ग्रामसभा म्हणजे काय?”

माझ्या तोंडात ते तीन शब्द तयार होते. पण प्रश्न तो नव्हताच. प्रश्न होता चार गुणांचा, आणि त्याचं उत्तर मला येत होतं.

“गावातील सर्व प्रौढ मतदारांची मिळून ग्रामसभा बनते,” मी सुरू केलं.

“पुढं?”

“ग्रामसभेच्या अध्यक्षस्थानी सरपंच असतात.”

मी खुर्चीकडं बघितलं. मग मॅडमनी बघितलं. मग हळूहळू सगळ्यांनी. नाना छाती काढून बसले होते, ते जरासे आक्रसले.

“कोण आहेत सरपंच?” मॅडमनी विचारलं.

मागच्या दारात कप किणकिणले. सुनंदाकाकू ट्रे घेऊन माणसांतून वाट काढत पुढं आल्या. खुर्चीपाशी पोचल्यावर ट्रे कुठं ठेवावा त्यांना कळेना. त्यांनी तो नानांच्या हातात दिला. ट्रे घ्यायला नाना उठले आणि काकू बसल्या.

“पुढं?”

“ग्रामपंचायतीच्या कारभाराचा जाब ग्रामसभा विचारू शकते. गावाचे निर्णय ग्रामसभा घेते.” पुस्तक इथं संपत होतं. मी थांबले नाही. “भाऊसाहेब एकटे घेत नाहीत. आणि बाबांनी वही फिरवली, खरंय. पण रिकामी नाही फिरवली. सगळ्यांनी सह्या केल्यात. सरांनी आंब्याच्या माळ्यावर केलीय. नानांनी गोठ्यात केलीय. बाबांना काढायचं असेल तर ह्यांना विचारा. सह्या ह्यांच्या आहेत.”

“ही लहान आहे, हिला सभेत बोलता येत नाही,” भाऊसाहेब म्हणाले.

“तिला मी विचारलंय,” मॅडम म्हणाल्या. “सरपंचबाई?”

सुनंदाकाकूंनी पदर सावरला. एकदा नानांकडं बघितलं. नानांच्या हातात वीस कप होते, त्यांना काही करता येण्यासारखं नव्हतं.

“अंकुशभावजींना कामावरनं काढावं,” काकू म्हणाल्या, आवाज कापरा होता पण पोचला, “असं ज्यांना वाटतं, त्यांनी हात वर करा.”

मी डोळे फिरवले. पहिली ओळ, नाही. दुसरी, नाही. हौसाआजीनं तर दोन्ही हात मांडीखाली घेतले होते. सुयशच्या आत्त्याचा नाही. मळ्याकडून नाही.

आणि मग दाराजवळ एक हात वर गेला. हळू, पण नीट, कोपरात न वाकता.

बाबांचा.

“अहो!” आई ओरडली.

“तुम्ही?” मॅडम म्हणाल्या. “तुम्ही कशाला हात वर करताय?”

“मतदार हाय की मी,” बाबा म्हणाले. “यादीत चारशे सातवा.”

काकूंना पुढं काय करायचं ते सुचेना. अस्मितानं भिंतीकडून सुचवलं, “आता विरुद्ध बाजू.”

“आणि ठेवावं म्हणणाऱ्यांनी?”

सगळं समाजमंदिर वर गेलं. बांगड्या, घड्याळं, खुरप्यानं चिरलेली बोटं. मीही दोन्ही हात वर केले. वाकळे सरांनी माझ्यामागं येऊन ते हळूच खाली ओढले. “तुला मत नाही अजून,” ते कुजबुजले, “आणि दोन तर कुणालाच नसतात.” मग त्यांनी स्वतःचा केला. मी दोनदा मोजलं. एकाविरुद्ध दोनशे तेरा. भाऊसाहेब आमच्या गावचे मतदार नव्हते, त्यांना कुणीकडंच हात वर करता आला नाही.

मग सह्यांसाठी रांग लागली. बाबा सवयीनं म्हणाले, “इथं करा.” हौसाआजीनं अंगठा मागं घेतला. “आदी वाच काय लिवलंय,” ती म्हणाली. बाबांनी वाचलं. दोनशे चौदा वेळा वाचावं लागलं, कारण हौसाआजीचं बघून सगळेच म्हणायला लागले.

भाऊसाहेबांना महिन्याभरात ‘कारणे दाखवा’ नोटीस आली. जालिंदरमामा म्हणाले, पाठवा आमच्याकडं, आमच्याजवळ भरपूर हैत.

पण ते नंतर. त्या दिवशी आम्ही तिघं मोटारसायकलवरून घरी निघालो. बाबा, मधे मी, मागं आई. मी विचारलं.

“बाबा, हात का वर केला?”

बाबांनी एक खड्डा चुकवला.

“मॅडम समदं बगत व्हती की,” ते म्हणाले. “मला दारातच कळलं, हौसाआजीनं गुण सांगितलं. जालंदरनं कारणं सांगितली. समदं पाठ करून घेतलंय हे तिला कळलं व्हतं. आन् त्यात मला काढायला एकबी हात न्हाई म्हटल्यावर? ती म्हणली असती, हेबी घोकून घेतलंय. एखादा तरी इरोधात पायजे. त्याबिगर खरं वाटत न्हाई.”

आई मागून वाकली. “आन् तुमचा हात बगून दुसऱ्यानं वर केला असता म्हंजी? आपल्या गावात पयल्या हाताचीच तर वाट बगत्यात समदी!”

मोटारसायकल थोडी पुढं गेली. मग हळू झाली. बाबांनी ती रस्त्याच्या मधोमध थांबवली आणि एक पाय खाली टेकवला.

“ते,” ते म्हणाले, “माज्या ध्यानातच आलं न्हाई.”

गाडी बंद पडली. आम्ही तिघं तशीच बसून राहिलो. समाजमंदिरातून परतणारी माणसं आम्हाला वळसा घालून जात होती, आणि बाबा प्रत्येकाला थांबवून, अगदी लहान आवाजात, रामराम घालत होते.